सीटखालचा सबवूफर घरी बसवताय? मग आधी उंदराचा विचार करा

भाऊ, तुमचा प्रश्न असा की गाडी छोटी हॅचबॅक आहे, स्टिरिओ कंपनीचाच ठेवायचा आहे, डिकीत बाजार आणि खताच्या बॅगा जातात म्हणून स्पीकरचा मोठा डबा नको, तर सीटखाली बसणारा छोटा सबवूफर (फक्त खालचा जाड आवाज, म्हणजे बास, काढणारा स्पीकर) घरीच बसवता येईल का आणि त्यात खरंच काही दम असतो का. तर बसवता येतो. माझ्या जुन्या वॅगनआरमध्ये दोनदा बसला आहे, एकदा दुकानवाल्याने बसवला आणि मग तो सगळा उखडून मी स्वतः अंगणात बसवला, आणि हा दुसरा अजूनही मस्त वाजून रायला.

आधी दमाचं बोलतो, कारण पैसे गेल्यावर लोक नाराज होतात ते इथंच. वरातीतला डीजे छातीवर बुक्क्या मारतो तसं काही होणार नाही, तिथं १८ इंची स्पीकरच्या भिंती असतात आणि इथं आठ इंची स्पीकर, जेमतेम सात-आठ सेंटीमीटर जाडीच्या डब्यात. पण गाडी म्हणजे छोटी बंद खोली, काचा लावल्या की खालचा आवाज आतच दाबला जाऊन आपोआप वाढतो, म्हणून घरात फुसका वाटणारा डबा गाडीत बरा वाजतो. काच उघडली की अर्धा बास धुऱ्यावर पळून गेला समजा. आणि सीटखालून आवाज आला तर विचित्र वाटेल का, तर नाही वाटत. ५० हर्ट्झच्या, म्हणजे खोल बासच्या, आवाजाची एक लाट जवळपास सात मीटर लांब असते, तुमच्या गाडीपेक्षाही लांब, तो कुठून येतो हे कानाला कळतच नाही. फक्त बुडाला जरा गुदगुल्या होतात.

बॉक्सवरच्या वॅटला भुलू नका. मोठ्या अक्षरात १५०-१६० लिहिलेलं असतं, आत पुस्तिकेत बारीक अक्षरात ५० नाहीतर ७५ आरएमएस, म्हणजे सतत वाजताना निघणारी ताकद. खरा आकडा तो बारीकवाला. पायोनियर, सोनी, जेबीएल, केनवुड सगळ्यांचे असे डबे येतात, अँप्लिफायर आतच असतो, वेगळा घ्यायचं काम नाही. मला डबा साडेदहा हजारात पडला, वायरचं सामान धरून बाराच्या आत झालं.

आता उंदराची गोष्ट. पहिल्यांदा मी तालुक्याच्या एका दुकानात बसवून घेतला. पोट्ट्याने चाळीस मिनिटांत काम उरकलं, मीही खूश. परतताना दारव्ह्याच्या रोडवर लक्षात आलं की ॲक्सिलेटर दाबला की गाण्यामागून कुंईंई असा आवाज येतो, पाय काढला की उतरतो. गाणं बंद केलं तरी बारीक चालूच. म्हटलं जाऊ दे, सवय होईल, आणि झालीही. मग दिवाळीच्या आसपास सोयाबीन निघालं, गोठ्याजवळ कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, ढीग पडला आणि गाडी त्याच्याच बाजूला उभी राहायची. तुम्ही खेड्यातले असाल तर पुढचं कळलंच असेल. एका सकाळी गाडी चालू केली आणि बॉनेटमधून प्लास्टिक जळाल्याचा वास, मग पांढरा धूर. दहा नंबरचा पाना सीटखालीच होता म्हणून वाचलो, बॅटरीचं मायनस कसंबसं खोलून काढलं, हात थरथरत होते. बाबा मागून म्हणे, "तुले सांगितलं होतं, चालत्या गाडीत कायले छेडखानी करतं."

झालं काय होतं, तर उंदराने बॅटरीच्या पुढे दीड-दोन फुटांवर वायरचं वरचं रबर कुरतडलं होतं आणि आतलं तांबं पत्र्याला टेकलं होतं. फ्यूज होता की! पण तो दुकानवाल्याने आत, डब्याजवळ लावला होता. फ्यूज डब्याला वाचवायला असतो अशी बेज्या लोकांची समजूत आहे. हा फ्यूज असतो वायर वाचवायला. बॅटरी ते फ्यूज एवढ्या टप्प्यात शॉर्ट झालं तर त्याला थांबवणारं मध्ये कोणीच नसतं आणि छोट्या गाडीची ३५ एएचची बॅटरीसुद्धा शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ओकते. म्हणून फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आतच पाहिजे, जेवढा जवळ तेवढा चांगला. बाहेर कुठं बसवून घेतला तरी एवढं तरी बॉनेट उघडून बघाच.

तर त्या रविवारी सगळं काढलं आणि नव्याने घातलं. कसं केलं ते सांगतो, तुम्हाला उपयोगी पडेल.

डबा विकत घेण्याआधी सीटखालची जागा मोजा, आणि रिकामी सीट मोजू नका. मी पहिल्यांदा रिकामी मोजली आणि फसता फसता राहिलो. माणूस बसला की फोम आणि खालच्या स्प्रिंगा खाली येतात. आमच्या मामाला बसवलं, ते भरभक्कम, आणि खाली पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक सरकवत गेलो, जिथं पुठ्ठा अडला तिथं उंची. त्यातून अजून एक सेंटीमीटर सोडायचा. मग सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे सरकवून बघायची, रूळाच्या मध्ये काय काय येतं ते. आणि तिथं पिवळ्या रंगाचा कपलर दिसला तर त्याला हात लावू नका, तो एअरबॅग नाहीतर बेल्टच्या यंत्रणेचा असतो, इग्निशन चालू ठेवून तो ओढला तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि मग शोरूमशिवाय जात नाही.

बॅटरीचं मायनस काढायचं, प्लसला नंतर हात. मुख्य वायर ८ गेजची घेतली (गेजचा आकडा लहान तेवढी वायर जाड), डब्याला १० चालली असती पण किमतीत फार फरक नव्हता. वायर घेताना टोक चाकूने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, स्वस्त पडतं पण तेवढ्याच जाडीत करंट कमी वाहतो. शुद्ध तांब्याचीच घ्या.

इंजिनकडून आत यायला नवीन भोक पाडू नका. कंपनीची वायरिंग जिथून आत येते तिथं रबराचं बूच असतं, त्यालाच बारीक चीर पाडून वायर घालायची. जात नव्हती तर मी सायकलच्या ब्रेकची जुनी तार आधी घातली, तिला वायर टेपने बांधली, बुचाला साबणाचं पाणी लावलं आणि आतून ओढली, सर्रकन आली. बाहेरच्या बाजूला वायरला खाली एक झोळ ठेवा म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून आत न येता तिथंच टपकून जातं. बॉनेटमधली पूर्ण वायर लाइटफिटिंगवाल्याकडे मिळणाऱ्या वळ्यावळ्यांच्या पाइपात घातली. उंदीर तेही कुरतडतो म्हणा, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर तुम्हाला दिसतं.

आत आल्यावर प्लसची वायर एका बाजूच्या दरवाजाच्या पट्टीखालून आणि आवाजाची वायर दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकत्र बांधून नेल्या की कुंईंई यायला अजून एक रस्ता मिळतो. पट्टीच्या क्लिपा जुन्या गाडीत उन्हाने कडक झालेल्या असतात, आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, ओढल्या की तुटतात. दोन-चार जास्तीच्या आणून ठेवा.

आता अर्थ, म्हणजे मायनस. माझ्या कुंईंईचं मूळ इथं होतं. दुकानवाल्याने वायर सीटच्या बोल्टखाली दाबली होती, रंगावरच. रंगातून करंट नीट जात नाही आणि मग अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, आवाज स्पीकरमध्ये घुसतो. सीटबेल्टच्या बोल्टला तर कधीच हात लावू नका, तो जीव वाचवायला आहे. मी पायाजवळच्या पट्टीमागे कंपनीचाच एक अर्थचा बोल्ट शोधला, खोलला, पॉलिश पेपरने घासत राहिलो, आधी गाडीचा रंग गेला, मग खालचा राखाडी लेप, आणि मग चकचकीत पत्रा दिसायला लागला, नवीन भांड्यासारखा. रिंगवालं थिंबल पकडीने गच्च दाबून तिथं कसलं, वरून ग्रीस लावलं म्हणजे गंज नको. गाडी चालू केली, ॲक्सिलेटर दाबला. काही नाही. परत दाबला. चिडीचूप. एवढ्या दिवसांची कुंईंई गेली आणि खरं सांगतो, बास वाजण्याचा आनंद झाला नव्हता तेवढा त्या शांततेचा झाला.

तुमचा स्टिरिओ कंपनीचा आहे, त्याला मागे आरसीएची भोकं, म्हणजे अँप्लिफायरला आवाज द्यायची गोल सॉकेटं, नसणार, तरी काळजी नको. या डब्यांना बहुतेक हाय लेव्हल इनपुट असतं, म्हणजे स्पीकरच्याच वायरी जोडायच्या. मागच्या दरवाजांच्या स्पीकरची वायर स्टिरिओच्या मागे सापडते. कापाकापी करू नका, गाडी वॉरंटीत असेल तर शोरूमवाले तेच दाखवून हात वर करतात, मध्ये बसणारा कपलर मिळतो तो घ्या. प्लस-मायनस उलट लागलं तर वाजतं, पण बास पोकळ येतो. बऱ्याच डब्यांमध्ये स्टिरिओ लागला की आपोआप चालू व्हायची सोय असते. नसली तर निळी रिमोटची वायर, म्हणजे डब्याला चालू-बंद व्हायचा इशारा देणारी, चार्जरच्या सॉकेटच्या लाइनवर घ्यायची, जी चावी काढली की बंद होते. थेट बॅटरीवर दिली तर डबा रात्रभर जागा राहील आणि दोन-तीन दिवसांनी धक्का मारायला पोट्टे गोळा करावे लागतील.

हेही त्यातच सांगतो, वावरात गाडी बंद करून फुल आवाजात गाणी लावायची सवय असेल तर आवरा. जोरात वाजताना हा डबा सात-आठ अँपिअर खाऊ शकतो, दोन-तीन तासांत छोट्या बॅटरीचा निम्मा जीव गेला. आणि गावात रात्री १० नंतर तसंही नियमाने बंदच ठेवायचा, पण ते नियमापेक्षा माझी मायच जास्त कडक पाळते.

डबा चिकटवायला दोन्हीकडून चिकटणारी टेप वापरू नका, मे महिन्यात तिचा गोंद पातळ होतो आणि ब्रेक मारला की डबा पायाशी येतो. वेल्क्रो आणि वरून पट्टा. खाली रबरी शीटचा तुकडा ठेवा, कारण पावसाळ्यात काळ्या मातीचे पाय गाडीत येतात आणि गालिचा चार-चार दिवस ओला राहतो. को-ड्रायव्हरच्या पायाशी पाऊस नसतानाही ओल दिसली तर एसीचं पाणी बाहेर जायची नळी तुंबली असते, आधी ती साफ करा.

सेटिंगला लोक पाच मिनिटं देतात, मी संध्याकाळ दिली. स्टिरिओचा बास-ट्रेबल शून्यावर, डब्याचा बास बूस्टही शून्य, फिल्टर (कितीच्या खालचाच आवाज डब्याने वाजवायचा ते ठरवणारं बटण) ८० हर्ट्झवर, गेन (स्टिरिओकडून आलेला आवाज डबा किती वाढवतो ते) सगळ्यात खाली. मग स्टिरिओ पाऊण आवाजावर नेऊन गेन हळूहळू वाढवायचा, आवाज फाटल्यासारखा वाटला की थोडा मागे. फेजचं बटण, म्हणजे डब्याच्या आवाजाची लाट सरळ की उलटी ते ठरवणारं, ० आणि १८० दोन्हीवर करून बघा, ड्रायव्हरच्या सीटवर ज्यात बास भरलेला वाटेल ते ठेवा, यात शास्त्र शोधू नका. तपासायला डीजेचं रिमिक्स लावू नका, ते आधीच फाटलेलं असतं, त्यात डबा खराब की गाणं खराब कळतच नाही. मी भजन लावतो. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावलेली असते ना, तो घुमणारा आवाज नुसता ढब्ब न येता थाप पडून घुमत विरला पाहिजे. घुमणं जास्तच लांबत असेल तर फिल्टर ७० कडे न्या.

पहिल्या दिवशी अजून बेज्या आवाज येतील, नंबरप्लेट फडफडेल, मागचा ट्रे वाजेल, डॅशबोर्डवरचा गणपती हलेल. बाबांनी विचारलंच होतं, "हे धडधड कायची होऊन रायली, इंजिन गेलं का काय?" नंबरप्लेटमागे फोमची पट्टी लावली आणि टॉमी-जॅक फडक्यात गुंडाळले, मग बरं झालं.

लागणारं सामान म्हणजे पाने, पकड, टेप आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसला तर गावातल्या मोटार वायंडिंगवाल्याकडून एक दिवस मागून घ्या, अर्थचा बोल्ट ते बॅटरीचं मायनस मोजा, अर्ध्या ओहमपेक्षा जास्त दाखवलं तर अजून घासा. आणि डबा ऑर्डर करायच्या आधी सीटवर कोणाला तरी बसवून खालची उंची आणि रूळांमधली रुंदी मोजून इथंच टाका, कोणता साइज बसेल ते सांगतो.