पासष्ट मुलं आणि एक घड्याळ : विज्ञान शिक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : वर्गात ६५ मुलं, तास ३५ मिनिटांचा. स्टॉपवॉच नाही. स्टँड दोन, त्यातला एक मोडका. साध्या दोलकाचा प्रयोग मी टेबलावर करून दाखवते आणि मुलं माझीच रीडिंग जर्नलात उतरवून घेतात. यापेक्षा बरं काही करता येईल का?
– विज्ञान शिक्षिका, नववी-दहावी

उत्तर : करता येईल, आणि सुरुवात दोलकापासूनच करा. साहित्य कमी असलं तरी प्रत्येक मुलाच्या हाताला काही लागावं, असे प्रयोग मोजके आहेत. हा त्यांतला सर्वांत चांगला.

पाच-पाच मुलांचे १३ गट करा. प्रत्येक गटाला दोरा, साधारण २ सेंटिमीटर व्यासाचा लोखंडी नट आणि पट्टी एवढंच द्या. स्टँडची गरज नाही. दोरा दोन जाड पुठ्ठ्यांच्या तुकड्यांमध्ये चिमटून धरायचा आणि ते तुकडे बाकाच्या कडेवर वजनाखाली किंवा चिकटपट्टीनं पक्के करायचे. दोरा खिळ्याला गुंडाळला, तर झोका घेताना तो थोडा उलगडतो, पुन्हा गुंडाळला जातो आणि लांबी बदलत राहते. पुठ्ठ्याच्या चिमटीत लोंबता बिंदू नेमका ठरतो.

घड्याळ एकच असलं तरी अडत नाही. वेळ तुम्ही मोजायची आणि झोके मुलांनी. सेकंदकाटा असलेलं कोणतंही घड्याळ हातात घ्या, "सुरू" म्हणा आणि बरोबर ६० सेकंदांनी "थांबा" म्हणा. तेरा गट एकाच मिनिटात आपापल्या दोलकाची पूर्ण आंदोलनं (एकदा जाऊन परत येणं म्हणजे एक) मोजतील. (गॅलिलिओनं उतरणीवर गडगडणाऱ्या गोळ्याचा वेळ मोजला तो भांड्यातून बारीक धारेनं पडणारं पाणी गोळा करून, ते तोलून. त्याच्याकडे सेकंदकाटाही नव्हता.)

लांबी निवडताना थोडा विचार करा. २५, ३६, ४९ आणि ६४ सेंटिमीटर या लांब्या गटांत वाटून द्या. या वर्गसंख्या आहेत, त्यामुळे वर्गमुळासाठी कुणी अडत नाही. मिनिटाला अनुक्रमे सुमारे ६०, ५०, ४२ ते ४३ आणि ३७ ते ३७.५ आंदोलनं मिळतात. सगळे आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना आंदोलनांची संख्या लांबीच्या वर्गमुळानं गुणायला सांगा. चारही लांब्यांना गुणाकार ३००च्या आसपास येतो, नेमका बघितला तर २९९. नियम पुस्तकातून वाचून दाखवण्याची गरज उरत नाही, तो फळ्यावरच दिसतो. ६४ सेंटिमीटरच्या गटाला बाक कमी उंचीचा पडला, तर खिडकीचा गज वापरू द्या.

नट बाजूला ओढून सोडताना लांबीच्या सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओढू नये. कोन ६० अंशांपर्यंत नेला, तर दोलनकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो. नट ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. शेवटचं आंदोलन अर्धं झालं असेल, तर अर्धं लिहू द्या.

आता चुकांकडे वळू, कारण खरं शिकणं तिथेच आहे. दोन चुका हमखास होतात आणि दोन्ही आकड्यांवर स्वतःचा ठसा सोडतात.

पहिली चूक म्हणजे नट सोडतानाच "एक" म्हणणं. तिथे "शून्य" म्हणायचं असतं. असं झालं की प्रत्येक गटाचं एक आंदोलन जास्त भरतं आणि गुणाकार २५ सेंटिमीटरला ३०४, ६४ सेंटिमीटरला ३०७ येतो. लांबीबरोबर तो चढत जातो. दुसरी चूक लांबीची. ती नटाच्या मध्यापर्यंत मोजायची, पण मुलं गाठीपर्यंत मोजतात. खरी लांबी सेंटिमीटरभर जास्त असते. मग गुणाकार २५ सेंटिमीटरला २९३ आणि ६४ सेंटिमीटरला २९६-९७ भरतो. म्हणजे सगळेच आकडे कमी, आणि आखूड दोलकाचा सर्वांत कमी. नुसते आकडे बघून कोणत्या गटाची कोणती चूक झाली, हे मुलांनाच ओळखायला सांगा. हा भाग प्रयोगाइतकाच मोलाचा आहे.

म्हणून एक कळकळीची विनंती. कुणाचंही रीडिंग "बरोबर" करून घेऊ नका. दोलकावरून काढलेलं गुरुत्व त्वरण ९.८ यायलाच हवं म्हणून खोडरबर हातात घेणारं मूल मोजायला शिकत नाही. ते उत्तर आधी ठरवून आकडे मागून बसवायला शिकतं. चुकलेलं रीडिंग खोडू नये. त्याच्याशेजारी कारण लिहू द्या आणि जर्नल तपासताना त्या कारणाला गुण द्या.

प्रश्न : हायड्रोक्लोरिक आम्लाची अर्धी बाटली वर्षभर पुरवायची आहे. लिटमस संपला आहे, बाजूच्या एका बाटलीची चिठ्ठी गळून पडली आहे. आम्ल-आम्लारीचे प्रयोग सगळ्या मुलांकडून करून घ्यायचे तर कसे?
– शिक्षक, रसायनशास्त्र

उत्तर : आधी चिठ्ठी नसलेल्या बाटलीचं बघू. ती वापरायची नाही आणि आत काय आहे हे वास घेऊन ओळखायचं तर मुळीच नाही. बाटलीवर "अज्ञात, वापरू नये" असं लिहून ती वेगळी, कुलपात ठेवा.

दुकानी तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल साधारण ३६ टक्क्यांचं, म्हणजे सुमारे १२ मोलारचं असतं (मोलार हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप). ५०० मिलिलिटर पाण्यात १०० मिलिलिटर आम्ल बारीक धारेनं, ढवळत मिसळलं की सुमारे २ मोलारचं विरल आम्ल तयार होतं. पाण्यात आम्ल, आम्लात पाणी नाही. सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत हा क्रम चुकला, तर उष्णतेनं द्रावण उसळून अंगावर येतं, म्हणून सवय सगळ्याच आम्लांसाठी एकच असावी. हे काम खिडकीपाशी आणि वर्ग रिकामा असताना करा. आम्लाची बाटली सूक्ष्मदर्शक, चुंबक, वजनं यांच्या कपाटात ठेवू नका. झाकणातून झिरपणाऱ्या वाफांनी आतलं लोखंड काही महिन्यांत गंजतं, आणि अनेक शाळांतलं साहित्य असंच वाया जातं.

हे २ मोलारचं द्रावण तुमच्या टेबलावरच राहू द्या. मुलांच्या हातात ०.१ मोलारचं द्या, म्हणजे त्याचा एक भाग आणि १९ भाग पाणी. सोडियम हायड्रॉक्साइडही ०.१ मोलारच ठेवा, लिटरला ४ ग्रॅम. डोळ्याला आम्लापेक्षा आम्लारी जास्त घातक असते, म्हणून चष्मे नसतील तर त्याहून तीव्र द्रावण वाटूच नका. डोळ्यात थेंब गेला, तर पापण्या उघड्या धरून वाहत्या पाण्यानं किमान १५ मिनिटं धुवायचा आणि मग डॉक्टरांकडे न्यायचं.

परीक्षानळ्यांऐवजी पारदर्शक प्लास्टिकची शीट घ्या आणि तिच्याखाली वर्तुळं काढलेला पांढरा कागद ठेवा. प्लास्टिकवर थेंब पसरत नाही, गोल उभा राहतो. ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. मुलामागे १० थेंब धरले तरी ६५ मुलांचं काम ३३ मिलिलिटरमध्ये होतं, आणि तेही ०.१ मोलारच्या द्रावणात. शीटवर साबणाचा अंश राहिला असेल तर थेंब पसरून एकमेकांत मिसळतात, म्हणून ती नुसत्या पाण्यानं धुऊन पुसा.

लिटमसऐवजी दर्शकासाठी लाल जास्वंदीच्या ८-१० पाकळ्या १०० मिलिलिटर गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा. अर्क आम्लात गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. दोन दिवसांत तो खराब होतो, म्हणून त्यात गाळणकागदाच्या पट्ट्या बुडवून सावलीत वाळवा. इथे एक फसगत होते. वहीचा किंवा छपाईचा कागद वापरला, तर पट्टी काही न टाकताच निळसर-हिरवट दिसते. अशा कागदात बहुधा कॅल्शियम कार्बोनेटची भर असते आणि ते आम्लारिधर्मी आहे. जड पाण्यात काढलेला अर्कही असाच निळसर होतो. हळदीची पट्टी आम्लारीत लाल होते, पण आम्लात आणि उदासीन द्रावणात ती पिवळीच राहते. नुसत्या हळदीवरून "हे आम्ल आहे" असा निष्कर्ष मुलांना काढू देऊ नका.

उदासिनीकरण मोजायचं असेल, तर आम्लाचे १० थेंब आणि अर्काचा एक थेंब घ्या, मग आम्लारी थेंबाथेंबानं टाका. दोन्ही द्रावणं तेवढीच तीव्र असताना १० थेंबांत रंग बदलायला हवा. बरेचदा ११-१२ लागतात, कारण उघड्या राहिलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडनं हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषलेला असतो. वजनात ४ ग्रॅम भरलं तरी त्यातलं खरं हायड्रॉक्साइड कमी असतं. ड्रॉपर उभा धरायचा. तिरका धरला की थेंबाचा आकार बदलतो आणि मोजणी कोलमडते. दोन ड्रॉपरांची टोकं सारखी नसतील, तर एकच ड्रॉपर धुऊन दोन्हींसाठी वापरा.

प्रश्न : प्रयोग जमत नाहीत, तर मोबाइलवर व्हिडिओ दाखवला तर चालेल का?
– शिक्षिका

उत्तर : जे वर्गात घडवणं शक्यच नाही ते दाखवा. सोडियम पाण्यात टाकल्यावर काय होतं हे पडद्यावरच बघितलेलं बरं. पण आवाज बंद ठेवा, घटना घडायच्या आधी व्हिडिओ थांबवा आणि "आता काय होईल? का?" हे प्रत्येकाला वहीत लिहायला लावा. मगच पुढे दाखवा. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेल्या 'फेट' या प्रकल्पाची सिम्युलेशनं मोफत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. विद्युतमंडलासाठी ती फार उपयोगी आहेत. मात्र पडद्यावरच्या घटाला आपणहून अंतर्गत रोध नसतो आणि वायर सैल होत नाही. मोजताना काय बिघडतं हे शिकण्यासाठी खरी वायर हातात घ्यावीच लागते.

प्रश्न : ओहमच्या नियमाचा आलेख सरळ रेषेत येत नाही. टॉर्चचा बल्ब वापरतो. ॲमीटर बंद पडला आहे, एक डिजिटल मल्टिमीटर आहे आणि त्यावरही विद्युतधारा शून्यच दिसते.
– शिक्षक, दहावी

उत्तर : बल्बचा आलेख सरळ येणारच नाही, आणि त्यात तुमची चूक नाही. तार तापून उजळली की तिचा रोध थंड असतानाच्या अनेक पटींनी वाढतो. विभवांतराच्या प्रमाणात धारा वाढते, हा ओहमचा नियम तापमान स्थिर असतानाचा आहे. बल्बऐवजी साधारण ०.४५ मिलिमीटर जाडीची एक मीटर नायक्रोम तार घ्या, तिचा रोध ७ ओहमच्या जवळपास भरतो. बल्ब फेकू नका. नियम कुठे लागू पडत नाही हे दाखवायला तो पुढच्या तासाला हवाच आहे.

मल्टिमीटर व्होल्ट नीट दाखवत असेल आणि विद्युतधारा शून्य, तर आतला फ्यूज उडाला असण्याची शक्यता सर्वांत जास्त. कुणीतरी मीटर ॲम्पिअरच्या जागी फिरवून थेट घटाच्या दोन टोकांना लावला की हे होतं. फ्यूज बदलता येतो, पण त्यासाठी प्रयोग थांबवू नका. तारेच्या एकसरीत १ ओहमचा रोधक जोडा (तपकिरी, काळा, सोनेरी, सोनेरी पट्टे) आणि त्याच्या दोन टोकांमधलं विभवांतर मोजा. रोध १ ओहम असल्यामुळे व्होल्टचा आकडा हाच ॲम्पिअरचा आकडा. एका घटावर ०.१८ व्होल्ट दिसलं, तर धारा ०.१८ ॲम्पिअर. मग तोच मीटर नायक्रोम तारेच्या टोकांना लावून तिचं विभवांतर घ्या. एकाच व्होल्टमीटरवर दोन्ही कामं होतात. शेवटच्या सोनेरी पट्ट्याचा अर्थ ५ टक्के सूट, हेही मुलांना सांगा.

आलेख बिघडण्याचं दुसरं कारण म्हणजे आडव्या अक्षावर १.५, ३, ४.५ असे घटांवर छापलेले आकडे लिहिणं. भार जोडला की घटाच्या अंतर्गत रोधामुळे टोकांचं विभवांतर खाली येतं, जुन्या घटाचं तर फारच. तारेच्या टोकांना प्रत्यक्ष मोजलेला आकडाच घ्या. स्विच चार-पाच सेकंदच दाबून रीडिंग घ्यायचं, म्हणजे तार तापत नाही आणि घट बरेच दिवस टिकतात.

प्रश्न : सूक्ष्मदर्शकच नाही. पेशी दाखवायच्या कशा?
– शिक्षिका, आठवी-नववी

उत्तर : काचेच्या लहान मण्यानं. डच संशोधक लेव्हेनहूकनं सतराव्या शतकात एकाच इवल्या भिंगातून जिवाणू पाहिले होते. २ मिलिमीटर व्यासाचा, भोक नसलेला, स्वच्छ काचेचा गोल मणी जाड काळ्या कागदाच्या छिद्रात घट्ट बसवा. आकारवर्धन सुमारे १७० पट मिळतं. अडचण एकच. नमुना मण्याच्या पृष्ठभागापासून अर्ध्या मिलिमीटरवर असावा लागतो. काचपट्टी जवळपास १ मिलिमीटर जाड असते, म्हणून ती उलटी धरली तर काहीच दिसत नाही. पातळ आच्छादनाची बाजू मण्याकडे ठेवा. आच्छादन काच नसेल, तर पारदर्शक चिकटपट्टी चालते.

कांद्याच्या आतल्या बाजूचा पारदर्शक पापुद्राच घ्या. मांसल थर आला, तर पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसतात. पापुद्र्यावर विरल आयोडीनचा एक थेंब टाका आणि आच्छादन एका कडेनं सावकाश टेकवा. ते सपाट टाकलं की खाली हवेचे बुडबुडे अडकतात, आणि ती गडद काळ्या कडेची गोल वर्तुळंच मुलं पेशी म्हणून वहीत काढतात. पेशी लांबट, विटांसारख्या एकमेकींना लागून असतात, हे आधी सांगू नका. चित्रं काढून झाल्यावर दोन मुलांच्या वह्या शेजारी ठेवा आणि कोणाचं चित्र बुडबुड्याचं, हे वर्गालाच ठरवू द्या. मणी डोळ्याच्या अगदी जवळ धरायचा आणि उजेडासाठी आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे बघायचं, सूर्याकडे कधीही नाही.