पॉयझन, डेंजर, कॉशन: बाटलीवरच्या शब्दांचा खरा अर्थ

भाऊ, कृषी सेवकाच्या परीक्षेसाठी तुम्ही तीन गोष्टी विचारल्या. पेस्टिसाइड आणि इन्सेक्टिसाइड एकच का, पॉयझन आणि व्हेनममध्ये फरक काय, आणि कीटकनाशकाच्या बाटलीवर ‘डेंजर’ असेल तर ते ‘पॉयझन’वाल्यापेक्षा जहाल समजायचं का. मी राळेगाव तालुक्यात बावीस वर्षं इंग्रजी शिकवतो आणि घरचं कोरडवाहू वावरही पाहतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक जिवावर बेतते. बोलण्यात डेंजर हा शब्द फार भीतिदायक वाटतो. विजेच्या खांबावर तोच असतो ना! पण कीटकनाशकाच्या लेबलवर कोणता शब्द कुठे छापायचा हे 1971 च्या नियमांनी ठरवून दिलंय. बाटलीवर एका कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन दिसतो, त्याचे दोन त्रिकोण. खालच्यात रंग, वरच्यात शब्द. लाल रंगावर कवटी, हाडं आणि ‘पॉयझन’. पिवळ्यावरही ‘पॉयझन’च, पण कवटी नाही. निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. म्हणजे डेंजर तिसऱ्या पायरीवर आला. लाल गटातलं द्रव्य अंगाच्या वजनाच्या दर किलोमागे 50 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी पोटात गेलं तरी प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात. हिरव्या गटात हाच आकडा 5000 च्या वर जातो. आणि कॉशन म्हणजे ‘सुरक्षित’ नव्हे, ‘जपून’. हिरवा त्रिकोण पाहून उघड्या हातानं द्रावण ढवळणारे मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

त्याच लेबलवर ‘इफ स्वॅलोड’ असं लिहिलेलं असतं. स्वॅलो म्हणजे गिळणं. माणूस म्हणतो, मी कुठं गिळलं? पण इनहेल म्हणजे श्वासातून आत घेणं आणि अ‍ॅब्सॉर्ब म्हणजे कातडीतून शोषलं जाणं, हे दोन रस्ते फवारणाऱ्याला जास्त घातक. 2017 मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले, कित्येक दगावले. त्यांनी कोणी बाटली तोंडाला लावली नव्हती. पऱ्हाटी म्हणजे कपाशी डोक्याइतकी वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, अंगातला सदरा ओला होत होता. मला वाटतं यात आपल्या भाषेचाही थोडा दोष आहे. आपण तापाच्या गोळीलाही औषध म्हणतो आणि पंपातल्या जहरालाही. इंग्रजीत मेडिसिन आणि पेस्टिसाइड कधी एका शब्दात येत नाहीत. ‘औषध मारून येतो’ म्हणणाऱ्या पोराला तोंडाला दुपट्टा बांधावासा वाटणार तरी कसा?

आता पेस्टिसाइड. शब्दाच्या शेवटी ‘साइड’ आलं की ते मारणारं, हे लॅटिनमधून आलंय. काय मारणारं ते शब्दाच्या सुरुवातीच्या भागात असतं: इन्सेक्टिसाइड किडी, फंगिसाइड बुरशी, रोडेंटिसाइड उंदीर-घुशी, हर्बिसाइड तण. पेस्टिसाइड हे या सगळ्यांचं मिळून नाव.

यातल्या हर्बिसाइडनं आमच्याच घरी नुकसान केलं. दोन वर्षांपूर्वी पुतण्यानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टू-फोर-डी हे तणनाशक मारलं आणि तोच पंप पाण्यानं नुसता खळबळून पऱ्हाटीत नेला. मी टोकलं तर म्हणे, “काका, हे हर्बल हाये, याच्यानं पऱ्हाटीले काई होत नाई.” बाटलीवरचा हर्बिसाइड शब्द त्यानं हर्बल वाचला होता. काही दिवसांत शेंड्याची पानं भेंडीच्या पानासारखी चिरली, बोटं फुटल्यागत लांबुळकी झाली. कपाशीला हे तणनाशक इतकं झोंबतं की पंपात राहिलेला अंशही पुरतो. चार ओळी गेल्या. पोरगं हुशार आहे, बारावीला इंग्रजीत चांगले गुण होते, पण हा फरक त्याला कोणी सांगितलाच नव्हता. मी घरात असूनही नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

व्हेनमचं थोडक्यात होतं. दातानं किंवा नांगीनं टोचून जे अंगात सोडलं जातं ते व्हेनम. खाण्यातून, श्वासातून, स्पर्शातून जातं ते पॉयझन. म्हणून परड (घोणस), नाग व्हेनमस आणि धोतरा पॉयझनस. मराठीत दोन्हीला विषारीच म्हणतात, त्यामुळे पेपरात इथं हमखास चूक होते.

त्यालाच जोडून अँटिव्हेनम, म्हणजे साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन, आणि अँटिडोट, म्हणजे जहरावरचा उतारा. आपल्याकडचं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच चालतं, त्यामुळे साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नसते. अँटिडोट मात्र जहराप्रमाणे बदलतो आणि काही जहरांना तो नसतोच. तिथं डॉक्टरला बाटली दाखवावीच लागते. बाटलीसोबतच्या पत्रकात अँटिडोटची ओळ असते. आम्ही आता ते पत्रक फेकत नाही, पंपाच्या खुंटीलाच पन्नीत घालून टांगतो.