क्षारपड रान धुण्याआधी

भाऊ, क्षार साचलेलं रान नक्की सुधारेल, पण ते धुण्यासाठी लगेच पाणी सोडू नका. आधी माती तपासा. बांध, उकिरडा, विहिरीजवळची जागा टाळून नागमोडी फिरत नमुने घ्या: ०–३०, ३०–६०, ६०–९० सेंटीमीटर, थरवार वेगळे. खताच्या रिकाम्या पिशवीत भरू नका, अहवाल चुकतो.

अहवालात क्षारता (विद्युत वाहकतेवरून मोजलेली) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, पण विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, १५ टक्क्यांखाली असेल तर गोड्या पाण्याने धुऊन भागतं. सोडियम त्यावर गेला तर आधी जिप्सम (कॅल्शियमयुक्त भूसुधारक) मातीत मिसळा. नाहीतर चिकणमाती विस्कटते, छिद्रं बुजतात, पाणी वरच साचतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे निचऱ्याचा चर न काढता रान धुणं. निचरा नसेल तर खाली गेलेले क्षार उन्हाळ्यात पुन्हा वर येतात. चर आधी, पाणी नंतर. जिप्सम किती, ते अहवाल आल्यावर ठरवू.