बियाण्याआधी धास्ती विचार

चि. …स,
अनेक आशीर्वाद.

लोहयुक्त बाजरी घेऊन गावात जातोयस, तर पहिल्याच बैठकीत रक्तक्षय काढू नकोस. ऐकणाऱ्याचं गणित वेगळं चाललेलं असतं: उतारा घटला तर? कडबा कमी निघाला तर? दाण्यातलं लोह दिसत नाही, तोटा मात्र दिसतो.

हातात वाण कोणता आहे ते स्पष्ट सांग. २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झालेला ‘धनशक्ती’ सुधारित वाण आहे, संकरित नाही. किलोला साधारण ७१ मिलिग्रॅम लोह, तयार व्हायला ७५ दिवस, हेक्टरी सुमारे २२ क्विंटल. ‘एएचबी १२०० एफई’ संकरित आहे. उतारा त्याहून जास्त, पण बियाणं दरसाल विकत.

घोळ होतो तो फुलोऱ्यात. संकरित बाजरीची एकसारखी कणसं बघून डोळा तयार झालेला असतो. धनशक्तीची ताटं खालीवर, कणसंही मागंपुढं, की लगेच “भेसळ दिली राव!” मग कितीही समजाव, पटत नाही. म्हणून हे पेरणीआधीच सांगून टाक.

पाच गुंठ्यांवरच थांब. दीडदोनशे ग्रॅम बियाणं पुरतं. बांधाकडचा मुरमाड तुकडा पुढं केला जाईल. साहजिक आहे, तिथं बुडालं तरी चालतं. तो घ्यायचाच असेल, तर नेहमीचा वाणही तिथंच, त्याच दिवशी, त्याच खतावर पेरायला लाव. आधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून बियाणं बुडवा, तरंगणारं काढून टाका. अरगट या बुरशीच्या रोगाच्या हलक्या पेशी त्यातच जातात. उरलेलं दोनदा धुऊन सावलीत वाळवा, मग गोसावी, म्हणजे केवडा रोगासाठी, मेटॅलॅक्झिल ३५ टक्के हे बुरशीनाशक किलोभर बियाण्याला ६ ग्रॅम चोळा. हे चुकलं आणि रोग आला, तर दोष वाणावरच येतो.

मळणीला दाणा तोलशील तसा कडबाही तोल. जनावरं असलेल्या घरात निम्मा निर्णय त्यावर होतो.

जादा भावाचं आश्वासन देऊ नकोस. आडतीवर ही साधी बाजरीच. घरच्या भाकरीपुरती पेरा, एवढंच म्हण.

धनशक्तीचं बी घरी धरता येतं, पण वावराच्या मधल्या कणसांचं. कडेला शेजारच्या वाणाचे परागकण येतात. दोनतीन वर्षांनी बी बदलायचं.

आणि पीठ आठवडाभरात कडवट होतं, तेही आधीच बोलून ठेव. बाजरी कुठलीही असो, होतंच. पण नव्या वाणाच्या घरात खापर नव्यावर फुटतं. दळण थोडंथोडं आणायला सांग.