मेगा मॅन ९ पहिल्यांदाच खेळतोय आणि पहिल्याच स्टेजमध्ये सारखा मरतोय. खेळ वाईट आहे की माझं वय झालं?

तुम्ही लिहिलंय की वय छत्तीस, लहानपणी कॅसेटवाला व्हिडिओ गेम खेळलेला, आता सेलमध्ये मेगा मॅन या जुन्या व्हिडिओ गेम मालिकेचा संच घेतलात आणि थेट नववा भाग लावलात. दीड तास झाला तरी काँक्रीट मॅन या बॉसच्या, म्हणजे स्टेजच्या शेवटी भेटणाऱ्या मोठ्या शत्रूच्या, स्टेजमधून बाहेर पडला नाहीत. वर एक मित्र म्हणाला, "हे उपजत हातात असावं लागतं, नसेल तर सोडून दे." आधी या मित्राचं बघू. असाच एक माणूस माझ्याही घरात आहे, आणि त्याचं हेच वाक्य मी दहा वर्षांची असल्यापासून ऐकतेय.

१९९६ची उन्हाळ्याची सुट्टी, कराड, मामाचं घर. मामाने दादासाठी टीव्हीला लावायचा व्हिडिओ गेम आणला होता. अडॅप्टर इतका तापायचा की तासाभराने मामी येऊन बटण बंद करायची. कॅसेट दोनच होत्या. एक सगळ्यांकडे असायची तीच, खोक्यावर हजारो गेम लिहिलेले आणि आत पाच-सहाच. दुसरीवर निळ्या चिलखतातला मुलगा आणि सगळं जपानी. तो रॉकमॅन २ होता हे मला वीस वर्षांनी कळलं. जपानमध्ये मेगा मॅनला रॉकमॅनच म्हणतात. आणखी एक गोष्ट उशिरा कळली. अमेरिकेत हा भाग विकताना त्यात सोपा पर्याय घातला होता, जपानी कॅसेटमध्ये तो नव्हताच. म्हणजे आम्ही पोरं नकळत अवघडच खेळत होतो.

खेळणारे तिघं. दादा चौदाचा, त्याचा शेजारचा मित्र आणि मी. नियम दादाचा : मेला की रिमोट पुढच्याला. ऐकायला किती सरळ वाटतो. पण तो नीट बघा. ज्याला येतं तो दहा मिनिटं खेळणार आणि ज्याला येत नाही तो वीस सेकंदांत रिमोट देऊन टाकणार. दादा दिवसाला दोन-अडीच तास खेळायचा. माझे सगळे चान्स मिळून दहा मिनिटं होत नसतील. सुट्टी संपेपर्यंत त्याचा हात बसला, माझा बसला नाही. आणि जाताना मला काय ऐकवलं? "तुझ्या हातात ते नाहीच. मुलींना हे जमत नाही."

त्या सुट्टीतली एक गोष्ट तो कधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. रॉकमॅन २ मध्ये हीट मॅनची स्टेज आहे. तिथे हवेत ठोकळे उगवतात, क्षणभर राहतात आणि नाहीसे होतात. खाली पडलात तर संपलं. आधी एअर मॅनला हरवलं तर उडती पाटी मिळते आणि त्या ठोकळ्यांवरून सरळ निघून जाता येतं. पण एअर मॅन आमच्यापैकी कुणालाच हरत नव्हता. दादा त्या ठोकळ्यांवर चार दिवस अडकला होता. मी मागे पलंगावर बसून नुसती बघायची, दुसरं काय करणार? बघता बघता लक्षात आलं की ठोकळे मनाला येईल तसे येत नाहीत. त्यांना ठेका आहे, आणि प्रत्येक ठोकळा उगवताना आवाज होतो. मी मांडीवर बोटांनी मोजायला लागले. पाचव्या दिवशी दादा खेळत होता आणि मागून मी मोठ्याने म्हणत होते : एक, दोन, उडी. एक, दोन, थांब, उडी. तो पार झाला. मामीला हाक मारून दाखवलं, मित्राला मिठी मारली. माझा चान्स आला तेव्हा लाइट गेली.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. मेगा मॅन ९ मी खेळले २०१८ साली, पुण्यात, लॅपटॉपवर साधा यूएसबी कंट्रोलर लावून. सातवा ते दहावा असे चार भागांचा जो संच २०१७ च्या ऑगस्टमध्ये आला, तोच. बहुधा तुमच्याकडेही तोच असेल. मूळ खेळ २००८चा. आठवा भाग १९९६चा, प्लेस्टेशनवरचा, गुळगुळीत कार्टूनसारखा. मग बारा वर्षं मुख्य मालिकेत नवा भाग नाही. आणि मग ही मालिका काढणाऱ्या कॅपकॉमने इंटी क्रिएट्स या कंपनीबरोबर नववा काढला, तोही मुद्दाम जुन्या कॅसेटच्या चित्रांत आणि जुन्या कॅसेटच्या आवाजात. त्या वर्षी लोकांच्या घरी प्लेस्टेशन ३ होता, हे लक्षात घ्या. नमुना म्हणून त्यांनी दुसरा भाग धरला. तिसऱ्या भागात आलेलं जमिनीवरून घसरत जाणं काढलं, चौथ्यात आलेला दाबून धरून सोडायचा मोठा मारा काढला. उडी आणि गोळी, एवढंच ठेवलं. तिसऱ्या-चौथ्यापासून खेळायला लागलेल्यांना हे हातपाय बांधल्यासारखं वाटतं. मला वाटलं नाही, कारण मला दुसराच माहीत होता.

पहिल्यांदा खेळ उघडला तेव्हा मधोमध निळा चेहरा, भोवती आठ बॉस. आणि मी अक्षरशः पलंगावरच्या त्या जागी जाऊन बसले. एक बारीक गोष्ट सांगते. जुना व्हिडिओ गेम एका वेळी पडद्यावर चित्रांचे चौसष्ट तुकडे दाखवू शकायचा, आणि एका आडव्या रेघेत फक्त आठ. शत्रू जास्त झाले की काही तुकडे आळीपाळीने गाळावे लागायचे, म्हणून ते लुकलुकायचे. कराडला हे व्हायला लागलं की मामा उठून टीव्हीला थापटी मारायचा. आम्हाला खरंच वाटायचं की टीव्ही बिघडलाय. २००८च्या मशीनना असली काही अडचण नव्हती, तरी या लोकांनी पर्यायांमध्ये तो लुकलुकाट परत आणायची सोय ठेवली. मी तो चालू केला आणि शेवटपर्यंत तसाच ठेवला. ज्यांनी हे केलं त्यांचं त्या जुन्या खेळावर प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही.

पण प्रेम असलं म्हणून खेळ मऊ नाही. मी सुरुवात स्प्लॅश वुमनपासून केली. मुख्य मालिकेतली ती पहिली बाई बॉस, म्हणून तिलाच निवडलं, दुसरं कारण नाही. तिची स्टेज पाण्यातली. पाण्यात उडी उंच जाते, आणि वर काटे असतात. पट्टीत अठ्ठावीस रेघांचं आयुष्य भरलेलं असलं तरी काट्याला लागलात की मेलात. मग ते बुडबुडे येतात. त्यात शिरायचं, तो वर नेतो, आणि भिंतींना काटे. पहिल्या रात्री मी चाळीसच्या वर मेले. मोजत होते, म्हणून सांगते. रात्री एक वाजता झोपले तेव्हा अर्धी स्टेजसुद्धा झाली नव्हती.

दुसऱ्या रात्री त्याच जागी अकरा वेळा मेले. तिसऱ्या रात्री तिच्या समोर उभी राहिले. ती वर उडून खाली त्रिशूळ सोडते, मधूनच गाते आणि मासे बोलावते. साध्या गोळीने तिला हरवायला मला आणखी एक रात्र लागली. या चार रात्रींत माझ्या हातातून रिमोट कुणी काढून घेतला नाही, बस एवढाच फरक होता. लाइफ संपल्या तर स्टेजच्या सुरुवातीपासून पुन्हा, पण कितीही वेळा पुन्हा. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी एका आठवड्यात माझ्या हाताला जेवढे चान्स मिळाले, तेवढे त्या अख्ख्या सुट्टीत मिळाले नव्हते.

म्हणून तुमच्या मित्राला सांगा की दीड तासात हात आहे की नाही हे कळत नाही. तुम्ही पंधरा वेळा मेलात म्हणता. पंधरा म्हणजे काहीच नाही.

खेळ वाईट आहे का? नाही. काही ठिकाणी फसवतो का? हो, फसवतो. खड्ड्यावरून उडी घेतल्यावरच समोरून काहीतरी निघतं, धक्का बसून तुम्ही मागे फेकले जाता आणि खाली जाता. पहिल्या वेळी ते ओळखणं कुणालाच शक्य नाही. हे मला आवडत नाही आणि दुसऱ्या भागात ते इतकं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे. पण दुसऱ्या वेळी तुम्हाला ते माहीत असतं, आणि ते तिथेच, त्याच क्षणी येतं. त्या बाबतीत हा खेळ कधी शब्द फिरवत नाही.

प्लग मॅनच्या स्टेजमध्ये मला ते ठोकळे परत भेटले. उगवणारे, नाहीसे होणारे, आवाज करणारे. इंटरनेटवर लोक या जागेला शिव्या घालतात. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि दोन मिनिटं नुसती बघत बसले. मग मांडीवर बोटं आपोआप चालायला लागली. एक, दोन, उडी. दुसऱ्या प्रयत्नात पार. बावीस वर्षांपूर्वी मागे बसून जे शिकले होते ते कुठेही गेलं नव्हतं. मी उठून पाणी प्यायले आणि थोडा वेळ खिडकीत उभी राहिले. रडू आलं होतं, लपवत नाही.

खलनायक डॉ. वायलीच्या शेवटच्या किल्ल्यासकट पूर्ण खेळ संपवला तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शेवटच्या पडद्याचा फोटो टाकला. दादाचं उत्तर दोन मिनिटांत आलं : "मध्ये सेव्ह करत खेळलीस ना? मग ते धरत नाहीत."

हो, केलं. या संचात चेकपॉइंटला सेव्ह करता येतं आणि मी केलं. ऑफिसातून आठला घरी येऊन, स्वयंपाक उरकून, साडेदहाला बसणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं असं ज्याला वाटतं, त्याने ते स्वतः करून दाखवावं. आणि सेव्ह धरत नसेल, तर १९९६ साली ठोकळ्यांवर मागून कुणीतरी मोजून देत होतं ते धरतात का? हे मी ग्रुपवर लिहिलं नाही, कारण मामी वाचते. इथे लिहिते.

तुम्हीसुद्धा सेव्ह वापरा. मार अर्धाच लागेल असं जादा चिलखतही या संचात आहे, तेही वापरा, कुणाची परवानगी मागू नका. काटे मात्र चिलखताला जुमानत नाहीत. त्यासाठी शत्रूंकडून मिळणारे स्क्रू साठवा आणि दुकानातून काट्यांवर एकदा वाचवणारी वस्तू घ्या. खड्ड्यातून उचलणारा पक्षीही तिथेच मिळतो. लोक हे घेत नाहीत आणि मग खेळाला दोष देतात.

काँक्रीट मॅन आत्ता सोडा. त्या हत्तींपाशीच अडकला असाल ना? गॅलक्सी मॅनपासून सुरू करा, माझ्या मते आठांत तोच त्यातल्या त्यात बरा. बॉस हरला की त्याचं शस्त्र आपल्याला मिळतं आणि ते दुसऱ्या एखाद्या बॉसवर भारी पडतं. गॅलक्सी मॅनचं ब्लॅक होल जुएल मॅनला लागू पडतं, जुएल मॅनचे हिरे प्लग मॅनला, प्लग मॅनचा गोळा टॉर्नेडो मॅनला, त्याचं वादळ मॅग्मा मॅनला, मॅग्मा मॅनची आग हॉर्नेट मॅनला, हॉर्नेट मॅनच्या गांधीलमाश्या स्प्लॅश वुमनला, आणि तिचा त्रिशूळ काँक्रीट मॅनला. म्हणजे तुम्ही सुरुवात केलीत तोच शेवटी येतो. मी उलटसुलट खेळले आणि दुप्पट वेळ घालवला.

दोन गोष्टी राहिल्या. टीव्हीवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबल्यावर उडी जराशी उशिरा लागते आणि माणूस स्वतःच्या हाताला बोल लावतो. आणि सलग तासभराच्या वर खेळू नका. माझा उजवा अंगठा तिसऱ्या आठवड्यात इतका दुखला की चार दिवस पोळ्या लाटता आल्या नाहीत. छत्तिशीत ते आणखी जपा, एवढ्यापुरतं वय खरं.

आणि प्लग मॅनपर्यंत पोचलात की मुलं झोपलीत म्हणून आवाज बंद करू नका, हेडफोन लावा. ते ठोकळे डोळ्यांनी पकडता येत नाहीत. आधी दोन फेऱ्या नुसते ऐका, कंट्रोलर खाली ठेवून.