लायडारची बॅटरी लवकर संपते, डेटा पण खूप येतो. सेन्सिंगच साधं केलं तर अचूकता जाते का?

अचूकता कशाची, ते आधी सांग. प्रश्नात फिरणारा लायडार (लेसरने अंतर मोजणारं यंत्र) आहे, दुपारपर्यंत संपणारी पॉवर बँक आहे, रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर हँग होतो हे आहे, गाईड सरांना पॉइंट क्लाउड, म्हणजे मोजलेल्या बिंदूंचं थ्रीडी चित्र, हवा हे पण आहे, फक्त शेवटी त्या आकड्यांचं करायचं काय तेवढंच कुठे लिहिलेलं नाही. एरवी मी असले प्रश्न वाचून पुढे जातो. पण याच विषयावरून माझं आणि माझ्या तेव्हाच्या पार्टनरचं फाटलं, त्यामुळे आता सगळं ऐकून घे.

विट्याकडे एक लेअर, म्हणजे अंड्यांसाठीची, पोल्ट्री आहे, मालकांना सगळे आण्णा म्हणतात. दहा हजार पक्षी. लेअर पक्षी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खातो, म्हणजे रोज साधारण अकराशे किलो मॅश, म्हणजे दळलेलं खाद्य. खाद्याची उभी टाकी, सायलो, दोन मीटर व्यासाचा, तीनेक मीटर खोल, भरला की पाच दिवस जातो. गडी वर चढून काठी घालून बघायचा आणि कंटाळा आला की न बघताच "हाय की अजून" म्हणायचा, मग रात्री सायलो रिकामा. आण्णांनी आम्हाला बोलावून एवढंच सांगितलं, "मला चित्रं नगंत. खाद्याची गाडी आज बोलवू का परवा, एवढं मोबाईलवर आलं पायजे."

आता पार्टनरचा प्लॅन ऐक. वर फिरणारा लायडार, त्याला रास्पबेरी पाय, फोरजी डोंगल, सोलर पॅनेल, आणि लॅपटॉपवर खाद्याचा रंगीत थ्रीडी ढीग गोल फिरताना. का, तर डेमोला भारी दिसतं आणि "डेटा असला की पुढे काहीही करता येतं". मी वहीत हिशोब मांडून दाखवला. मॅश पाण्याच्या साधारण सहा दशांश जड धरला तर अकराशे किलो म्हणजे पावणेदोन-दोन घनमीटर, या व्यासाच्या सायलोत दिवसाला साठेक सेंटीमीटर, तासाला अडीच. आणि स्वस्तातला फिरणारा लायडार सेकंदाला आठ हजार पॉइंट देतो, तासाला झाले दोन कोटी अठ्ठ्याऐंशी लाख. एवढे पॉइंट गोळा करून कळणार काय, तर खाद्य अडीच सेंटीमीटर खाली गेलं. यावर तो म्हणाला तुझी व्हिजनच छोटी आहे.

मी बसवला एसटीमायक्रोचा व्हीएल५३एल१एक्स. नखाएवढा सेन्सर, ९४० नॅनोमीटरचा लेसर, अंधारात चार मीटरपर्यंत मोजतो आणि सायलोत अंधारच असतो. दर तासाला उठायचं, पाच शॉट घ्यायचे, मधला आकडा धरायचा, परत झोपायचं. चालू असताना सेन्सर साधारण २० मिलिअँप खातो, पण सगळं मिळून ०.२ सेकंदात उरकतं, म्हणजे दिवसभराचे ०.०३ मिलिअँप-अवर पण होत नाहीत. हाच सेन्सर चोवीस तास चालू ठेव, दिवसाला ४८० मिलिअँप-अवर, २६०० चा सेल सहावा दिवस पुरा करत नाही. सेन्सर तोच, लेसर तोच, फरक फक्त कधी विचारायचं याचा. पाठवायचं किती? अंतराचे दोन बाइट, रीडिंग चांगलं का वाईट त्याचा एक, बॅटरीचा एक. चार बाइट लोरावर, म्हणजे कमी विजेत लांब जाणाऱ्या रेडिओवर, ८६५ मेगाहर्ट्झ बँडमध्ये आरामात जातात. पार्टनरने मधला मार्ग म्हणून आठ बाय आठ झोनवाला, म्हणजे एकदम ६४ जागांचं अंतर देणारा सेन्सर, व्हीएल५३एल५सीएक्स, सुचवला होता. त्याच्या ६४ झोनचे दोन-दोन बाइट धरले तर १२८, आणि लोरावर चालणारं लोरावॅन नेटवर्क सगळ्यात लांबच्या सेटिंगवर एका पॅकेटमध्ये ५१ बाइटच घेतं. शिवाय त्याची पॉवर पूर्ण तोडली की दर वेळी ८० केबीच्या वरचं फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्राम, आयटूसी या सेन्सरला जोडणाऱ्या तारांवरून परत भरावं लागतं, ४०० किलोहर्ट्झला त्यातच दोनेक सेकंद जातात. मोजायला लागतो त्याच्या कैक पट वेळ नुसतं जागं व्हायला.

तुझ्या प्रश्नाकडे येतो. सगळ्यात आधी पॉइंट कमी कर, मग वेळा कमी कर, आणि त्यानंतर एका मापाला दिलेला वेळ. तिसऱ्यात मात्र अचूकता खरंच जाते, कारण परत येणारे फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजायचे असतात आणि वेळ चौथाई केला की आकड्याची थरथर दुप्पट होते. अडीच सेंटीमीटर बघायचे असतील तर मिलिमीटरसाठी वीज जाळू नकोस एवढंच. कुणी जवळ आलं का, दार उघडलं का असलं काही असेल तर अंतराची मर्यादा सेन्सरमध्येच भरून ठेव, ती ओलांडली की तोच इंटरप्ट, म्हणजे उठवायचा सिग्नल, देतो आणि कंट्रोलर तोवर झोपलेला राहतो. हे सेन्सरच्या मॅन्युअलमध्ये असतं, कुणी वाचत नाही.

मोठ्या लायडारवाल्यांची पण हीच रड आहे. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जातो, जाऊन-येऊन धरलं तर १५, म्हणजे दीडशे मीटर बघायला नॅनोसेकंदाचे हजार कप्पे. कुठल्या कप्प्यात किती फोटॉन आले तो तक्ता म्हणजे हिस्टोग्राम, प्रत्येक पिक्सेलचा वेगळा. ३२० बाय २४० पिक्सेल, कप्प्याला एक बाइट, सेकंदाला ३० फ्रेम, झाले सेकंदाला २.३ जीबी. म्हणून हा हिस्टोग्राम सहसा चिपबाहेर काढत नाहीत, आतच शिखर शोधून फक्त अंतर बाहेर देतात. पोर्टलँड स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी तर २०२३ मध्ये फोटॉन मोजायचेच नाहीत अशी पद्धत मांडली, वेळेच्या काही मोजक्या सीमारेषा ठेवायच्या आणि प्रत्येक फोटॉन आला की तो अलीकडे पडला का पलीकडे एवढ्यावरून रेषा जराशी सरकवायची, शेवटी दोन रेषांमध्ये सारखेच फोटॉन उरतात आणि जिथे रेषा दाटीने आल्या तिथे वस्तू. हे वाचलं तेव्हा पार्टनरला लिंक पाठवली होती. ब्लू टिक आली, उत्तर नाही.

आता थोडं त्याच्या बाजूने. खाद्य मधून ओढलं जातं आणि कधीकधी मध्ये विहिरीसारखा खड्डा पडून कडेला थर तसाच राहतो, तेव्हा एका बिंदूचा आकडा फसवतो. पण त्याला चार बाय चार झोन पुरतात, ढीग गोल फिरवून बघायची गरज नसते. दुसरं, माझ्या एक-बिंदूवाल्या सेन्सरचा कोन २७ अंशांचा, तीन मीटरवर जवळपास दीड मीटरचा गोल होतो, म्हणून कडेला बसवलास तर भिंतच मोजेल. त्याच्या आतला प्रकाश पकडणारा भाग सेटिंगने लहान करून चार बाय चार ठिपक्यांवर आणला की कोन १५ अंशांवर येतो, फोटॉन मात्र कमी मिळतात. खाद्य भरताना धूळ उडते तेव्हाचं रीडिंग फेकून दे, काच पुसायला माणूस लागतोच. उघड्यावर, उन्हात चार मीटर विसर. आणि तुझा प्रोजेक्ट स्वतः चालणारी गाडी असेल तर यातलं बरंचसं लागू नाही, तिथे पॉइंट लागतातच, माणूस मध्ये येऊ शकतो.

गाईड सरांना पॉइंट क्लाउड हवाच असेल तर कॉलेजच्या लॅबमध्ये प्लगला लावून एकदा काढ, रिपोर्टला फोटो जोड आणि बॅटरीवर एक-बिंदूवाला चालव. व्हायव्हात "डेटा असला की पुढे काहीही करता येतं" असं कुणी म्हणालंच तर काय करता येतं त्याची यादी माग, मी मागितली होती, अजून आलेली नाही. आणि किती अंतर, आत का बाहेर, दिवसातून किती वेळा, हे कमेंटमध्ये टाक, सेन्सर सुचवतो.