तुमच्या आठवणीत असा एखादा कारागीर आहे का, ज्याचं नाव कुठंच लागलं नाही?

आहे. सोलापुरात साखर पेठेत आम्ही भाड्यानं राहायचो, त्या वाड्यात समोरच्या खोलीत एक विणकर होते. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही. त्यांच्या मुलांना विचारलेलं नाही, त्यामुळे नाव इथंही लागणार नाही.

घर पद्मशाली, म्हणजे विणकरांच्या तेलुगू समाजातलं. आजोबा तेलंगणातून आलेले, सोलापुरात मागावर पोट भरतं म्हणून. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि राग आला की दोन्ही एकदम. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. निम्मी खोली मागानंच व्यापलेली होती. खड्डामाग, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायानं फळी दाबायची, हातानं दोरी ओढून धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, पळवायचा. गिरणीचा भोंगा व्हायच्या आधी त्यांची खटखट सुरू व्हायची. माझी झोप त्या आवाजानं कधी मोडली नाही. तो थांबला की मात्र जाग यायची.

थांबायचा, तो बहुतेक वेळा एखाद्या जनावरापायी.

एकदा मागावरच्या वाशात चिमणीनं घरटं केलं. जॅकार्डचं, म्हणजे नक्षी उमटवणारं, यंत्र मागाच्या डोक्यावर असतं, विणताना सगळा सांगाडा हादरतो. अंडी दिसली तशी मामांनी धोटा काढून कोनाड्यात ठेवला. लग्नसराईचे दिवस, चादरींची ऑर्डर अंगावर, आणि हे दुसऱ्याच्या पॉवरलूमवर रोजंदारीला जायला लागले. पिल्लं उडेपर्यंत महिना गेला. व्यापारी दारात येऊन ओरडून गेला. मामा त्याला म्हणाले, "बाळंतीण हाय घरात." तो बिचारा मामींकडे बघायला लागला.

ही गोष्ट गल्लीत सगळे हसत सांगतात. मीही सांगायचो. पण त्या महिन्यात घर चाललं ते मामींच्या विड्यांवर. तेंदूची पानं भिजवायची, कातरीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्यानं बांधायची. मजुरी हजारामागे, आणि त्यातल्या कितीतरी विड्या कारखान्यात खराब म्हणून बाजूला निघायच्या. चिमणीचं पुण्य मामांच्या खात्यावर जमा झालं, खर्च मामींच्या बोटांवर पडला. त्या चिमण्यांना तेलुगूत काय काय म्हणायच्या ते मला कळायचं नाही, पण सूर कळायचा.

आता त्यांच्या कलेबद्दल. सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत आहे, २००५ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण इथल्या हातमागावर वॉल हँगिंगही विणली जायची. भिंतीवर लावायची चित्रं, रंगवलेली नव्हे, विणलेली. मामांचा जीव त्यात.

चित्र आधी ग्राफच्या कागदावर काढायचं. एक चौकोन म्हणजे एक घर. आडवी ओळ म्हणजे बाण्याचा, आडवा, एक धागा, आणि त्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी. जिथं ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलायचा तिथं पट्टीत भोक, नसेल तिथं कोरं. यंत्रातल्या सुया पट्टीवर येऊन टेकतात. भोक सापडलं तर त्या सुईला जोडलेला हूक धागा वर घेतो, नाही सापडलं तर सुई मागं ढकलली जाते आणि धागा खालीच राहतो. फ्रान्समधल्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास बसवलेली ही युक्ती साखर पेठेतल्या त्या खोलीत शेकडो पट्ट्यांची माळ होऊन लोंबत असायची. एक भोक चुकलं की तेवढीच चूक प्रत्येक नगात उमटणार. मग मामा चुकीच्या भोकावर कागद चिकटवायचे, आणि वाळेपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत.

सुट्टीत मी त्यांच्याकडे कांड्या, म्हणजे धोट्यात बसणारी सुताची रिळं, भरायला बसायचो. मोबदला म्हणून शेंगाचटणी आणि कडक भाकरी. कौतुक मात्र नाही. कांडी सैल भरली तर हातातून ओढून घ्यायचे, "काय करलालास बे?" एवढंच. माणसांशी त्यांचा हात तसा आखडताच होता.

व्यापाऱ्यांना हवे असायचे मोर, हरणं, सिंह. मामांचं म्हणणं, सिंह मी बघितला नाही, काढू कसा? सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला सगळी पोरं पाळण्याकडे पळायची. मामा आम्हाला विजापूर रोडच्या जनावरांच्या बाजारात न्यायचे आणि एखाद्या खिलार बैलासमोर तासभर उकिडवे बसायचे. शिंगं मागं जाऊन वर कशी वळतात, वशिंडाची रेघ मानेत कुठं संपते, हे विडीच्या रिकाम्या पुड्यावर उतरवायचे. वैरण खाताना बैलाचा कान कसा हलतो यावर ते आमच्याशी जितकं बोलले तितकं दुसऱ्या कशावर बोलले नसतील. तो बैल त्यांनी विणला. व्यापारी म्हणाला, "भिंतीला बैल कोण लावतंय?" कुणी लावला नाही. बरीच वर्षं तो मामींच्या ट्रंकेवर झाकण म्हणून पडलेला होता, आणि माझ्या मते त्यांच्या हातून उतरलेलं ते सगळ्यात देखणं काम.

मग नल्ला. तेलुगूत नल्ला म्हणजे काळा. डावा कान फाटलेलं रस्त्यावरचं कुत्रं, मामांच्या पायाशी खड्ड्यात झोपायचं. फळी खाली आली की नेमकं अंग चोरायचं, झोपेतसुद्धा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो, त्या दिवशी माग बंद. मामा उरलेल्या रंगीत सुताचा गोंडा करून नल्लाच्या गळ्यात बांधायचे, आणि तो आमच्या सगळ्यांच्या राख्यांपेक्षा भारी दिसायचा.

नल्लाचं चित्र ग्राफवर काढत होते तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. सगळं तोंड काळं. ओळीमागून ओळ काळी घरं भरत चाललेले. डोळ्यापाशी आले आणि पेन्सिल उचलली. खाली नल्लाकडे वाकून बघितलं, तो घोरत होता. त्याला पायानं हलवून जागं केलं, दाराकडे तोंड वळवलं, बुबुळावर उजेड कुठं पडतो ते बघितलं आणि त्या जागेचं एकच घर मोकळं सोडलं. मला म्हणाले, "हे घर भरलं तर कुत्रं मेलं बे." कानाचा फाटका भागही तसाच ठेवला. ते वॉल हँगिंग कुणी घेतलं आणि आज कुठं आहे, ते घरात कुणालाच सांगता आलं नाही.

नव्वदच्या दशकात वाड्यातले हातमाग एकेक करून उठले. मामांचा सगळ्यात शेवटी. छातीचा त्रास वाढला होता. गेले तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो, दहाव्याला पोचलो. मागाचं लाकूड विकलं गेलं होतं आणि पुठ्ठ्यांच्या माळा रद्दीवाल्यासाठी दारात रचून ठेवल्या होत्या. त्यातली एक मी मागून घेतली, नल्लाची आहे असं मामांच्या धाकट्या मुलानं सांगितलं म्हणून.

माझ्याकडे ती अजून आहे. मागाशिवाय त्या पट्ट्यांत काही दिसत नाही, नुसती भोकं. मागच्या दिवाळीत सोलापूरला गेलो तेव्हा माळ मुद्दाम बरोबर नेली. मधल्या एका पट्टीच्या कडेला निळ्या पेन्सिलीनं तेलुगूत एक शब्द लिहिलाय, तो मला वाचता येत नव्हता. मामींचं शिक्षण तेलुगू शाळेत झालेलं. त्यांनी चष्मा शोधला, पट्टी दारातल्या उजेडात धरली.

"कन्नू," म्हणाल्या. डोळा.

मग पट्टी माझ्या हातात देत विचारलं, "त्या काळ्या कुत्र्याचं का?" मी हो म्हणालो. "माझ्या ताटातली अर्धी भाकरी त्याला जायची," म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.